आमच्या आळीत द्वारका नाही

४ ऑगस्ट
मापाच्या वहीची मागची पानं. पुढून गावचे ब्लाऊज, मागून मी. वही उलटी धरून कोणी पाहत नाही, म्हणून इथं.

सकाळी न्हाणीत मोठीबाई पातळ धुवून राह्यली होती. पाणी लाल. मोठीबाई म्हणजे माह्यी थोरली जाऊ. सासू होती तवापासून लहान-थोर सारे तिले मोठीबाईच म्हणतात. मी इचारलं, हे काय? तं म्हणे, "काही नाही वं, पाळी परत आली." एकावन्न वर्षाची बाई. तीन वर्ष झाले पाळी जाऊन. गेलेली पाळी का माहेरी गेलेली सून हाये, परत याले?

म्हटलं, कधीपासून? आधी सांगे ना. मंग म्हणे, आखाजीपासून, उलसक उलसक. म्हणजे तीन महिने. माह्या मशीनच्या अन् न्हाणीच्या मधात एक भिंत हाये, अन् मले पत्ता नाही.

"मांगच्या साली शिबिरात तपासलं ना. काही निघालं असतं तं कळवलं असतं त्यायनं." एवढंच घोकते.

६ ऑगस्ट
शिबिराचं लिवतेच आज. दीड वर्ष होत आलं, कोणाले सांगतलं नाही.

दोघी गेलतो. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, फुकट, साऱ्या बायायनं या म्हणून दवंडी. शाळेचा वर्ग. पोट्ट्यायचे बाक जोडून टेबल केलेला. हिरवा पडदा, तोही ढोपरापर्यंत. पडद्याच्या पल्याड एक माणूस रजिस्टर घेऊन नंबर वरडे. आधी माह्या नंबर होता. डॉक्टरीण कोण कुठली, आमच्या इकडची नव्हती. नाव इचारलं नाही, काय करणार ते सांगतलं नाही. "साडी वर घे, पाय फाक." चिमटा थंडगार, अन् एकदम. मी आंग चोरलं तं म्हणते, "ढिली सोड ना. पोरं कशी झाली मग तुला?" पडद्याच्या पल्याडून कोणीतरी हसलं. बाई होती का माणूस, आजपर्यंत मालूम नाही.

मी उठली. निऱ्या हातात धरून मांगच्या दारानं पळाली, चप्पल तिथंच. मोठीबाई रांगेत होती. माह्यी चप्पल उचलून बाजूले ठेवली अन् आत गेली. सारं करून घेतलं. बाहेर आली तं धड चालता येत नव्हतं तिले. रस्त्यानं म्हणे, "तीनदा घातलं वं. बरं झालं तू पळाली."

आळीतल्या बायायनं वरीसभर मले पळपुटी म्हटलं. मीबी हसली. मोठीबाईले कोणी काही म्हटलं नाही. जी टिकली तिचं कोणाले काय.

निघतानी त्या रजिस्टरवाल्यानं सांगतलं होतं, काही निघालं तरच कळवू, नाही तं समजा ठीक. कागद आला नाही. आम्ही समजलो ठीक.

९ ऑगस्ट
भासरे, म्हणजे मोठीबाईचे मालक, म्हणतात उष्णता हाये, जिऱ्याचं पाणी दे. आमचे हे म्हणतात, भाऊ म्हणतो तं असन. दोन भाऊ, चार कान, अन् ऐकू एकालेबी येत नाही.

मी म्हटलं, परवा बुलढाण्याले नेते तिले. हे म्हणे, "अन् दवाखान्यात काय सांगशीन?" म्हटलं, रक्त जाते म्हणून सांगीन, का विरजण मांगाले आली म्हणू?

मोठीबाईच येत नाही. "मरीन पण पुन्हा तो चिमटा नाही." तिले समजावणारी कोण, तं मी. पळालेली. कोणत्या तोंडानं समजावलं देव जाणे.

१२ ऑगस्ट
बुलढाणा. धाड गावावरून बस, उभ्यानं. मोठीबाईनं दोन पातळं नेसली होती, एकावर एक. डाग दिसू नये म्हणून. मी पाह्यलं अन् खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टर मॅडम लहानच वयाची. आधी दोघींलेबी बसवलं. काय करणार ते कागदावर चित्र काढून सांगतलं. म्हणे, "दुखलं तर हात वर करा, मी थांबते. खरंच थांबते." साडी सोडायची नाही, वरून चादर. चिमटे दोन-तीन मापाचे निघाले. हे तं मले मालूमच नव्हतं, मी ब्लाऊज चार मापाचे शिवते अन् हे लोखंड साऱ्यायले एकच मापाचं असन असं धरून चालली होती. लहानातला घेतला, कोमट पाण्यात बुडवला. मोठीबाईले म्हणे, पाहिजे तर तुम्हीच आत घ्या, मी फक्त धरते. अन् मोठीबाईनं घेतला. स्वतःच्या हातानं. मधात एकदा हात वर केला तं मॅडम खरंच थांबल्या.

मी उशाशी उभी होती, तिचा हात धरून. मले आनंद व्हाले पाह्यजे होता. राग आला. म्हणजे येते यायले. साऱ्यायले येते. करायचं नसते फक्त.

आतला उलसक तुकडा काढून तपासाले पाठवला हाये.

मॅडमनं इचारलं, याआधी तपासणी? मोठीबाई म्हणे, झाली, चांगली निघाली. "कागद?" "कागद नाही आला म्हणजे चांगली." मॅडम लिवता लिवता थांबल्या. म्हणे, "कागद न येणं म्हणजे चांगलं नसतं, मावशी. कागद न येणं म्हणजे कागद न येणं."

मंग माह्याकडे. "तुमची झाली?" मी खरं सांगतलं, पळाली. हसली नाही. म्हणे, आता स्वतः घ्यायची तपासणी पण निघाली आहे. मऊ ब्रशची काडी असते, आडोशाला जाऊन स्वतःच आत फिरवायची अन् नळीत टाकून द्यायची. ज्या विषाणूनं हा आजार होतो तो अंगात आहे का ते कळतं. "निघाला तर मात्र आम्हाला पाहावंच लागतं. पण पुष्कळ जणींना तेवढ्यावरच भागतं." दुसरी एक, शिरका, म्हणजे आंबट पाणी, लावून पाह्याची, तिथल्या तिथं कळते. पण त्यातबी चिमटा हायेच.

मी इचारलं, मोठीबाईले नसती का चालली ती काडी? "रक्त जातंय त्यांना नाही. त्यांना नीट बघायलाच पाहिजे."

१३ ऑगस्ट
आज चार ब्लाऊज, दोन उसवले. हात चालत नाही.

२२ ऑगस्ट
कॅन्सर. पिशवीच्या तोंडाचा.

मॅडमनं हळूच सांगतलं. तोंडाच्या बाहेर थोडा सरकला हाये, ऑपरेशन नाही, किरणांचे शेक द्यावे लागतील, पंचवीस बाहेरून अन् काही आतून, संभाजीनगरले. बरं होऊ शकते. होऊ शकते म्हणाल्या, होईन नाही म्हणाल्या.

मोठीबाईनं एवढंच इचारलं, "सोयाबीन सोंगाच्या आधी होईन का?" मॅडमले कळलं नाही. मी सांगतलं, शेंगा काढायच्या हायेत. मॅडमनं चष्मा काढून पुसला.

बसमधी मोठीबाई झोपली माह्या खांद्यावर. बावीस वर्षात पह्यल्यांदा.

२६ ऑगस्ट
संभाजीनगरच्या दवाखान्यात आधार लागते म्हणून भासऱ्यांनी ट्रंक उघडली. मोठीबाईचं आधार पह्यल्यांदा पाह्यलं मी. द्वारका किसन इंगळे.

म्हटलं, हे कोणाचं? भासरे म्हणे, हिचंच. आधार काढलं तवा शाळेच्या दाखल्यावरून काढलं, दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिवलं होतं, शोभा. मतदान यादीत शोभा. घरात मोठीबाई. शोभा म्हणूनबी कोणी हाक मारली नाही, तं द्वारका कोण मारते.

शिबिरात हेच आधार दाखवलं होतं म्हणे. अन् मोबाईल नंबर भासऱ्यांचा. तो मोबाईल त्याच उन्हाळ्यात विहिरीत पडला.

द्वारका. कुठीतरी ऐकलं हाये मी हे.

२७ ऑगस्ट
संगीताच्या घरी गेली. संगीता म्हणजे आमच्या गावची आशा, बायायच्या बाळंतपणापासून पोलिओच्या डोसापर्यंत सारं तिच्याच डोक्यावर. म्हटलं, शिबिराचा एक कागद यायचा होता का, द्वारका इंगळे नावाचा.

तिनं कपाळावर हातच मारला. कपाटातून पिशवी काढली. त्यात पाकीट. आत लिवलेलं, पेशीत बदल, ताबडतोब फेरतपासणी. मांगच्या साली एप्रिलमधी आलेला कागद.

"वयनी, हे पाकीट घेऊन मी चार आळ्या फिरली. इंगळे आडनावाचं घरच नाही गावात. म्हटलं कोणी पाहुणी आली असन अन् तपासून गेली असन." मंग माह्याकडे पाह्यलं नाही तिनं. "तुमच्याबी दारात आली होती. द्वारका नावाची बाई हाये का तुमच्या आळीत, इचारलं. तुम्ही मान हलवली."

२८ ऑगस्ट
आठवलं. सारं आठवलं.

लग्नसराई होती. एका नवरीचे अकरा ब्लाऊज, हळद दुसऱ्या दिवशी. तोंडात टाचण्या होत्या. संगीता दारात उभी, हातात पाकीट. मी मान डावी-उजवी केली. तोंडसुद्धा उघडलं नाही. ती गेली. मोठीबाई तवा मांगच्या अंगणात पापड वाळू घालत होती. वीस पावलं.

अन् हे नाव मी ऐकलं होतं. सात वर्षाआधी मोठीबाईची माय गेली तवा तिची बहीण इथं आली होती, दारातच गळ्यात पडून रडली, "द्वारके, माय गेली वं आपली." मी बाजूले उभी होती पाण्याचा लोटा घेऊन. ऐकलं होतं. ठेवलं नाही. जावेचं माहेरचं नाव कायले ठेवायचं डोक्यात, काय उपेग त्याचा?

गावातल्या कोणत्या बाईची छाती किती अन् बाही किती, मले न पाहता सांगता येते. पंधरा वर्षाआधीचं सांगता येते.

३० ऑगस्ट
घरात सांगतलं, कागद आला होता, हरवला त्यायच्याकून. "त्यायच्याकून." हा शब्द माह्या तोंडातून निघाला.

मंग काय, सारं घर पेटलं. भासरे संगीताच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलले. फुकटचा पगार खाता, माणसं मारता. मीबी मांगून गेलती, अडवाले म्हणून. अडवलं नाही. संगीता उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. एकदाच माह्याकडे पाह्यलं तिनं. माह्यं नाव घेतलं नाही.

मी खाऊ देऊन राह्यली होती तिले शिव्या. माह्या वाटच्या.

३ सप्टेंबर
मॅडमले तो जुना कागद दाखवला. त्यायनं वाचला, घडी घातली, परत दिला. मी इचारलंच, तवा कळलं असतं तं? मॅडम टाळत होत्या. मी म्हटलं, सांगा. "तेव्हा बहुतेक कॅन्सर झालेला नसावा. तेवढा भाग काढून भागलं असतं. कदाचित एका दिवसात घरी."

एका दिवसात घरी.

४ सप्टेंबर
मोठीबाई गेली संभाजीनगरले. तिची लेक तिथं राहते, तिच्याकडे मुक्काम. जातानी मले म्हणे, "तुळशीले पाणी घालजो, अन् लोणच्याची बरणी उन्हात ठेवजो." मी हाव म्हटलं.

११ सप्टेंबर
गिरणीवर बाया बोलत होत्या. "तपासाले गेली म्हणूनच निघालं. न जाती तं कायले निघते?" एक म्हणे, "त्या चिमट्यानंच लागते तो रोग." अन् माह्याकडे पाहून, "ही पळाली ते हुशार निघाली."

हुशार. दळण तिथंच टाकून आली.

खरी गोष्ट तं ही हाये का दुखून-खुपून, लाज गिळून जिनं तपासून घेतलं तिलेच झालं, अन् पळाली ती दळण आणून राह्यली. यायले समजावणार कोण? मी समजावू? मी सांगू, का तपासणीनं नाही झालं, माह्या मानेनं झालं?

१९ सप्टेंबर
फोन आला. अकरा शेक झाले. जुलाब, उलट्या, लघवीले आग. लेक म्हणते, आई काही खात नाही, फक्त इचारते वंदीचं कसं चाललं. वंदी म्हणजे मी.

रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज नव्हती गेली. आमच्या घरात तशीबी रेंज नसते, मी मुद्दाम पाराजवळ उभी होती.

२३ सप्टेंबर
संगीता रस्त्यात भेटली. मी हात धरला तिचा. म्हटलं, संगीता, मी सांगते घरी. खरं सांगते.

म्हणे, "तुमचं तुम्ही पाहा वयनी. मले त्याच्यानं काही मिळत नाही. गेलेली गोष्ट गेली. तुम्ही तपासून घ्या आधी. तुमचं वय किती?" म्हटलं, चव्वेचाळीस. "मंग?" एवढंच. आपल्या रस्त्यानं गेली.

२७ सप्टेंबर
गावच्या आरोग्य केंद्रावर नवीन सिस्टर आल्या हायेत. तिकडे जायचं तं हाये पण पाय उचलत नाही. त्या टेबलाचं नुसतं नाव काढलं तरी मांड्या आवळून येतात.

मंग मशीनवर बसली. जुन्या नऊवारीचं सुती कापड होतं, धुवून धुवून मऊ झालेलं. त्याचा एक परकर शिवला. घेर मोठा, नाडीच्या जागी इलास्टिक, समोरून खालून वर चीर, चिरेवर दुसरा पदर. टेबलावर झोपलं तं ढोपरं झाकलेली राहतात, अन् पाह्यणारीले पाह्याचं तेवढंच दिसते. नेसणारीले आपलं काहीच उघडं दिसत नाही. स्वतः घालून, खाटेवर आडवी होऊन पाह्यलं. दार लावून. असं पडल्या पडल्याच हसू आलं, मंग रडू.

अर्ध्या दिवसाचं काम. चौदा नंबरची सुई अन् अडीच मीटर कापड. हे मले कोणी शिवाले सांगतलं असतं तं दवंडीच्या दिवशीच वीस शिवून दिले असते.

६ ऑक्टोबर
गेली एकदाची.

सिस्टर चाळिशीच्या, चिखलीकडच्या, बोलणं आपल्यासारखंच. सारं सांगतलं त्यायले, पळाल्याचंबी. म्हणे, काडीनं स्वतः घेता का? आपल्याकडे आल्या हायेत थोड्या. न्हाणीत पाठवलं. भिंतीवर चित्र लावलेलं. एक पाय स्टुलावर ठेवायचा, काडी आत, टेकली असं वाटलं का थांबायचं, सावकाश पाच वेळा फिरवायची, काढून नळीत. झालं. कानात तेल घालावं तेवढंच. दुखलं नाही. कोणी वरडलं नाही. आतून कडी मी लावली होती, मीच उघडली.

बाहेर येऊन बाकावर बसली अन् रडली. सिस्टरले वाटलं दुखलं. म्हटलं, नाही, दुखलं नाही म्हणून.

सिस्टरनं पक्कं बजावलं, हे चांगलं निघालं म्हणजे जन्माचं सुटलं असं नाही, सांगितलं तवा परत करायचं. अन् खराब निघालं तं तेव्हा पळायचं नाही. परकर दाखवला. उलटसुलट करून पाह्यला त्यायनं, म्हणे सहा शिवून द्याल का केंद्रासाठी.

मंग फॉर्म. आधारवर माह्यं नाव निर्मला भगवान वाघ. मलेबी दाखल्यावरूनच काढलेलं. निर्मला! मीच दचकली. गावात मी वंदना टेलर. म्हटलं, दोन्ही नावं लिवा. सिस्टर म्हणे, खाना एकच हाये ताई, आधारचंच घेते ते, दुसरं घातलं तं मोबाईलमधी फॉर्म पुढं सरकत नाही. म्हटलं, मंग कोपऱ्यात लिवा, पेनानं. कोपऱ्यात तं लिवलं. पण कागद गावातच राह्यला, वर गेलं ते मोबाईलमधलं. वर निर्मलाच गेली.

२६ ऑक्टोबर
मोठीबाई आली काल. ओळखू नाही आली. केस हायेत पण आंगच गेलं. बसता येत नाही, एका कुशीवर टेकते. दिवाळीचे ब्लाऊज पडले होते ते सारे परत केले, म्हटलं यंदा जमत नाही. पेज करते, मऊ भात करते, पाय चेपते. ती म्हणते, "किती करशीन वं माह्यं." मी पाय चेपतच राहते. वर पाहत नाही.

तीन महिन्यानं परत तपासतील. तवर कोणी काही सांगत नाही.

२ नोव्हेंबर
आज सांगतलं.

दुपारी, घरात दोघीच. ती म्हणत होती, "त्या संगीताचं तळपट होवो, माह्या कागद खाल्ला तिनं." मी म्हटलं, संगीतानं नाही खाल्ला. ती आली होती आपल्या दारात. मले इचारलं तिनं. मी नाही म्हटलं.

पाहतच राह्यली माह्याकडे. मी सांगत गेली, लग्नसराई, अकरा ब्लाऊज, हळद, तोंडात टाचण्या होत्या. जितकं सांगितलं तितकं ते खोटं वाटाले लागलं मलेच. 

म्हणे, "थुकायच्या होत्या वं टाचण्या."

मंग भिंतीकडे तोंड केलं.

३ नोव्हेंबर
संध्याकाळी भासऱ्यांलेबी सांगतलं. ते तसेच उठून गेले. संगीताकडे जाऊन आले म्हणे. काय बोलले मालूम नाही.

५ नोव्हेंबर
पाणीसुद्धा मांगत नाही माह्याकडे. भासऱ्यांना मांगते. पेज ठेवली तं तशीच थंड होते. पायाले हात लावला तं पाय वढून घेतला. बरोबर हाये तिचं. मीच असती तं पेज तोंडावर फेकली असती.

८ नोव्हेंबर
नाही बोलत.

११ नोव्हेंबर
दिवसभरात एकच वाक्य. मी खोली झाडून राह्यली होती. पाठमोरीच इचारलं तिनं, "तुह्यं काय होतं वं, माहेरचं?"

म्हटलं, निर्मला.

"हं."

बस. मी झाडून बाहेर आली. बावीस वर्ष एका चुलीवर सायपाक केला दोघींनी.

१५ नोव्हेंबर
केंद्राचे सहा परकर दिले. सिस्टर म्हणे, आठ बाया येऊन गेल्या, एकही पळाली नाही. मी इचारलं, माह्या कागद? अजून नाही. म्हटलं, नाही म्हणजे? "नाही म्हणजे अजून नाही, ताई."

झोप लागत नाही असं नाही. झोप लागते, जाग लवकर येते.

२१ नोव्हेंबर
आज दुपारी. मशीनवर होती, पुढच्या लग्नाचे आलेत. बाही बसवत होती, तोंडात टाचण्या.

आळीत कोणी बाई वरडत आली. संगीता लेकीच्या बाळंतपणाले गेली, तिच्या जागी शेजारच्या गावची आशा फिरून राह्यली हाये. तिले इथलं कोणी ओळखीचं नाही. समोरच्या दारात इचारलं तिनं, "निर्मला वाघ कोण हाये इथं? फोन लागत नाही." समोरची म्हणे, "वाघ? वाघाचं घर नाही बाई आमच्या आळीत."

मी टाचण्या काढाले हात नेला. घाईत एक ओठात रुतली.

तवर आतून आवाज आला. मोठीबाईचा. दोन महिन्यात एवढा मोठा आवाज काढला नव्हता तिनं. "हाये. निर्मला हाये. इकडे ये, या घरात. माह्यी जाऊ हाये ते." अन् खाटेवरून उठली. स्वतः उठली, भिंत धरत धरत दारापर्यंत आली, दाराची चौकट धरून उभी राह्यली.

त्या बाईनं यादीत पाह्यलं. म्हणे, उद्या दहा वाजता केंद्रावर बोलावलं सिस्टरनं. मी इचारलं, काय निघालं? म्हणे, मले नाही सांगत ते, फक्त बोलवा म्हणतात.

म्हणजे निघालं काही. नाही तं कायले बोलावतील. का कागद देतात आता साऱ्यायच्या हातात, सिस्टर तशा हायेतबी. कोणाले मालूम.

ती गेली. मोठीबाई चौकट धरूनच उभी. माह्या ओठाचं रक्त पाह्यलं तिनं. पदराचं टोक पुढं केलं.

"उद्या मीबी येते संगं," म्हणे. "माह्यं पातळ काढून ठेव धुतलेलं."

म्हटलं, तुम्हाले बसमधी बसता येईन का? 

"केंद्रावर का बसनं जातात? अन् तू पळाली तं चप्पल उचलाले कोणी पाह्यजे ना."

पातळ काढून ठेवलं हाये. दोन्ही आधार पिशवीत घातले.